फिरत्या प्रतीतला कडुलिंब

आमच्याकडे पुस्तक परत करताना त्यात कडुलिंबाची एक बारीक डहाळी ठेवायची रीत होती. आमच्याकडे म्हणजे रायपुरातल्या मराठी घरांत. मूळ कारण साधं, पुस्तकाला कसर लागू नये. पुढं मात्र त्याचा दुसराच उपयोग होऊ लागला. ज्या घरी पुस्तक वाचून होई ते घर आपली डहाळी आत ठेवी आणि आधीच्या घरांची काढत नसे. पुस्तक फिरून मालकाकडे आलं की तो आधी पानांमधला वाळका पाला बघे. जेवढ्या डहाळ्या, तेवढ्या घरांनी वाचलं. वाचलं नसेल तर डहाळी ठेवायची नाही, हाही नियम होता. "नाही झालं बा वाचून," म्हणून नुसतं पुस्तक परत करणाऱ्याला कोणी हसत नसे. खोटी डहाळी ठेवणाऱ्याला हसले असते, पण तसं कोणी केल्याचं मला आठवत नाही.

पुस्तकं नागपूरहून येत. ती आणायचे ब्राह्मणपाऱ्यात राहणारे एक काका. ते रेल्वेत होते, त्यांचं नागपूरला जाणंयेणं असे. एक पुस्तक, एकच प्रत, सगळ्यांसाठी. एका घरानं मागवलेलं पुस्तक दुसऱ्यानं विकत आणलं तर ते चक्क रुसण्याचं कारण होई. "काहून, आमच्या पुस्तकाले काटे होते का?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पुस्तक कोणाच्या हाती पाठवायचं नाही, स्वतः घेऊन जायचं, बसायचं, चहा प्यायचा, पुस्तकातल्या माणसांना नावं ठेवायची आणि मग उठायचं.

काकांकडून पुस्तक जाई बूढ़ापाऱ्यातल्या काकूंकडे. या काकू शाळेत शिकवत. अमरावतीकडून लग्न होऊन आलेल्या, मूलबाळ नाही, आणि नवरा लवकर गेलेला. मला मराठी वाचायला त्यांनी शिकवलं. आम्ही पोरं हिंदी शाळेतली, अक्षरं तीच, म्हणून वाचता येईल असं वाटे, आणि पहिल्याच ओळीला अडखळायचो. काकूंच्या घरातून तलावाचं पाणी दिसे. खिडकीशी बसवून त्या म्हणायच्या, "घाई करून राहिला तू. पुस्तक काय गाडी हाय का सुटाले?"

आमचं घर या साखळीत सगळ्यात शेवटी. आम्ही समता कॉलोनीत राहायला गेलो होतो, ती बाकीच्यांना लांब पडे. म्हणून प्रत्येक पुस्तक माझ्या हाती आलं ते सगळ्यांचं वाचून झाल्यावर. शिवण सुटलेली, कुठं हळदीचा डाग, आणि आत डहाळ्यांचा चुरा. मला ते आवडायचं असं मी आजवर सांगत आलो. खरं म्हणजे मला राग यायचा. एकदा तरी कोरं पुस्तक आधी माझ्याकडे यावं आणि मी ते दुसऱ्याला द्यावं, असं वाटे. पुढं जे घडलं त्याचं मूळ इथं आहे, म्हणून सांगितलं.

मोठा झालो, कचेरीत लागलो, नकल शाखेत. कागदाची नक्कल हवी असेल तर आमच्याकडे अर्ज येतो. अर्जदाराला ती मिळण्याचा हक्क आहे का ते आम्ही बघतो आणि मग 'सत्यप्रतिलिपि' असा शिक्का मारून देतो. ज्याचा हक्क नाही त्याला मी कितीही ओळखीचा असला तरी परत पाठवतो. या बाबतीत माझं नाव चांगलं आहे. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथं नकोत.

छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमची साखळी हळूहळू सुटली. कोणी वाईट वागलं म्हणून नाही. घरं लांब लांब गेली, रस्ते रुंद झाले आणि ओलांडायला कठीण झाले. पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देऊ लागली. काकू म्हणायच्या, "सगळं समजते त्याईले. फक्त तोंडातून निघत नाही." काकांचं नागपूर सुटलं, गुडघे धरले. मग फोनवर आमचा एक ग्रुप झाला. त्यात सकाळी देवाची चित्रं येत आणि संध्याकाळी कोणाच्या तरी पोट्ट्याच्या लग्नाचे फोटो. एकमेकांच्या घरी जायचं कारणच उरलं नाही. मी शनिवार-रविवारी घरी बसून असे.

अशात काकूंनी पुस्तक लिहिलं. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं त्या लिहीत होत्या. नवी नवरी म्हणून या गावात आल्यापासूनचं सगळं, शाळा, तलाव, आमची घरं, आम्ही. छापायला कोणी तयार होईना. शेवटी पुण्याच्या त्यांच्या भाचीनं ते ई-बुक करून एका वेबसाइटवर विकायला ठेवलं. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा काकू उभ्या राहिल्या. एरवी शंभर पोरांना गप्प करणारी बाई, पण तेव्हा पदर चाळवत होत्या.

"वाचा बरं सगळे. पण घेऊन वाचा," त्या म्हणाल्या. "पोट्टी म्हणते, किती लोकाईनं घेतलं ते तिले तिथं दिसते. म्हंजे आता डहाळीचं काम नाही. आपोआप समजते."

मागून कोणी तरी ओरडलं, "काकू, मले वाईट लिवलं असन तर पैसे वापस!" सगळे हसले. काकूही हसल्या.

त्याच दिवशी घरी येऊन मी पुस्तक विकत घेतलं. फाइल फोनमध्ये उतरली. पहिलं पान काकूंचं नाव, दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत सूचना: ही प्रत घेणाऱ्याच्या स्वतःच्या वाचनासाठी आहे, तिची नक्कल काढू नये, पुढे पाठवू नये. ती मी वाचली. नक्कल शब्द माझ्या नजरेतून सुटेल असं होणारच नाही. वाचली, आणि फाइल ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "एक प्रत घेतली आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे फिरू द्या."

पहिल्यांदाच साखळीत माझं घर पहिलं होतं.

हात जोडलेले आले, अंगठे आले, "वा भैया" आलं. काकांनी नुसतं "ठीक" लिहिलं. काकू त्या ग्रुपमध्ये नव्हत्या, त्यांचा फोन साधा होता. थोड्या वेळानं कोणी तरी लिहिलं, "काकूले सांगू नका बरं, फुकट वाचलं म्हणन." त्याखाली मी हसरा चेहरा टाकला. फाइल पाठवण्यापेक्षा तो हसरा चेहरा मला जास्त टोचतो.

पुढं दिवाळी झाल्यावर मी काकूंकडे गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी फराळाचा डबा ठेवला. त्या म्हणाल्या, "पोट्टीनं पाहिलं. एक."

"काय एक?"

"एका जणानं घेतलं. तू फोनवर सांगतलं होतंस ना, मी घेतलं म्हणून? म्हंजे तो तू." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू तरी घेतलंस बाबू."

इथं बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते, "लोकांना ते मोबाइलवर जमत नाही, काकू." त्यांनी मान हलवली. त्या वर्षी त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत. पुढच्या गणपतीतही नाही. लोक म्हणू लागले, काकू फटकून वागतात. आणि लोकही त्यांच्याकडे जात नव्हते, कारण गेलं की पुस्तकाचा विषय निघणार, वाचलं म्हणावं तर विकत कुठं घेतलं, आणि नाही म्हणावं तर खोटं. मीही जाणं कमी केलं, मग थांबवलं. एका लहानशा फाइलीनं सगळ्यांच्या घरात ते पुस्तक पोचवलं आणि काकूंच्या घरी माणूस पोचणं बंद केलं.

आपण फार मोठं काही केलं नाही, अशी स्वतःची समजूत घालायला मी एका वकिलांना गाठलं. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते रोज भेटतात. मी म्हटलं, समजा एखाद्यानं पुस्तक विकत घेतलं आणि ओळखीच्यांना वाचायला दिलं, तर गुन्हा आहे का?

"अरे बड़े बाबू, किताब आपकी, चाहे पढ़ो, चाहे बाँटो, चाहे रद्दी में बेचो," ते म्हणाले. "एक बार बिक गई, तो वो कॉपी आपकी."

"आणि ई-बुक असेल तर?"

"तब किताब थोड़े ही खरीदी. पढ़ने की इजाज़त खरीदी है. शर्तों में लिखा रहता है, कोई पढ़ता नहीं." त्यांनी बशीत चहा ओतला. "और देखो, किताब दी तो आपके हाथ से गई. फाइल दी, तो दी कहाँ? आपके पास तो है ही. आपने उधार नहीं दिया, नकल बाँट दी." आणि मग मोठ्यानं हसले, "नकल शाखा वाला पूछ रहा है नकल का कानून!"

मी पण हसलो. घरी येताना मात्र तेच डोक्यात. द्यायचं म्हणजे आपल्या हातून जायचं. मी काहीच दिलं नव्हतं. लहानपणी पुस्तक यायचं तेव्हा मालक ते परत यायची वाट बघत असायचा, म्हणून रात्री कंदील... नाही, कंदील नव्हता, दिवेच होते. असं सजवून सांगायची सवय मोडली पाहिजे. सांगायचं एवढंच की पुस्तक जाणार असे म्हणून ते वाचलं जाई. ही फाइल कुठं जाणार नव्हती. तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. म्हणून मी ती वाचली नाही.

हेच ते. बाकी सगळं कधी ना कधी मी मनाशी कबूल केलं होतं, हे नाही. काकूंच्या पुस्तकाची एकच प्रत विकली गेली, आणि ज्यानं ती घेतली त्यानं दुसऱ्या पानापुढं वाचलं नव्हतं. आधी उद्या वाचू म्हणून, आणि काकूंनी "तू तरी" म्हटल्यावर लाजेनं. फोन बदलला तेव्हा फाइल नव्या फोनमध्येही आली. तिथं ती तशीच पडून राहिली. अशी काही वर्षं गेली.

या उन्हाळ्यात ऐकलं की काकूंच्या डोळ्यांत पडदा आला आहे, नीट दिसत नाही. एका रविवारी दुपारी गेलो. दार त्यांनीच उघडलं. जरा वेळ चेहरा निरखला.

"कोण? हं, तू. आठवण झाली का रे?"

बसलो, आणि त्या पाण्याला उठायच्या आत सगळं सांगून टाकलं. फाइल घेतली, त्याच दिवशी सगळ्यांना पाठवली, म्हणून एकच दिसली. सूचना वाचून पाठवली. हसऱ्या चेहऱ्याचंही सांगितलं.

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या पुढं सरकल्या. "म्हंजे सगळ्याईकडे हाय?"

"हो."

"ब्राह्मणपाऱ्यात? त्या रेल्वेवाल्याकडे पण?"

"सगळ्यांकडे."

"अन् मी इथं..." त्या थांबल्या. चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. मग एकदम, "मग कोणी बोललं काहून नाही?"

"लाज वाटली असेल. फुकट वाचलं म्हणून."

"येडे हायेत सारे. मी काय दुकान टाकलं होतं?" पदरानं डोळे पुसले, आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "तुले कोणतं आवडलं? तलावाचं आवडलं का शाळेचं?"

"शाळेचं" म्हटलं असतं तर भागलं असतं. इतकं सोपं होतं ते.

"मी वाचलं नाही, काकू," मी म्हणालो.

बाहेर रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती, कोणी तरी किक मारत होतं. ती सुरू होऊन गेली. मग म्हणाल्या, "ज्यानं घेतलं त्यानं वाचलं नाही. मग ज्याईले फुकट भेटलं त्याईनं वाचलं, हे कशावरून?"

आजवर मी स्वतःला एवढा एकच दिलासा दिला होता, की निदान सगळ्यांनी वाचलं तरी. तोही त्यांनी काढून घेतला, आणि बरोबर काढून घेतला.

निघताना मी विचारलं, तुमची परवानगी असेल तर कागदावर एक प्रत काढू का? त्या हसल्या. "आता परवानगी मांगून राहिला! काढ. पण एकच. अन् पाठवू नको, घेऊन जा. आधी तू वाच."

कचेरीसमोरच्या दुकानात प्रिंट काढून जाड पुठ्ठ्यात बांधून घेतली. दुकानवाला म्हणाला, "सर, दो निकाल दूँ? एक आप रख लेना." नको म्हटलं. त्याला काय सांगणार.

मी वाचलं. पुस्तक चांगलं आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. त्यात शेवटच्या घरचा एक मुलगा आहे, जो पुस्तक हाती आलं की आधी डहाळ्या मोजतो आणि तोंड पाडतो. काकूंना ते तेव्हाच दिसलं होतं. तो भाग मी दोनदा वाचला. पूर्ण झाल्यावर कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाची डहाळी तोडून आत ठेवली.

मग ती प्रत घेऊन घरोघर गेलो. पहिल्या घरी वहिनी म्हणाल्या, "पण ते पीडीएफ हाय ना भाऊजी माझ्याकडे." वाचलं का विचारलं तर म्हणाल्या, "वाचणार होती. मग फोन भरला तं डिलीट मारलं." प्रत त्यांनी ठेवून घेतली, आणि मी परत न्यायला गेलो तेव्हा ती टीव्हीशेजारी होती, जिथं ठेवली होती तिथंच. दुसऱ्या घरी मुलानं दारातच "अंकल, पापा ने बोला है दे देना," म्हणून परत दिली. तिसऱ्या घरी चहा मिळाला, पोहे मिळाले, पुस्तकाबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढच्या घरांतही तसंच. आत डहाळी माझी एकटी.

त्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी त्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. हाताला येतील अशा फांद्या होत्या. सहा-सात डहाळ्या तोडून त्यातल्या दोन आधी उन्हात वाळवल्या असत्या, एकीचा चुरा केला असता, तर काकूंना कधी कळलं नसतं. त्यांना आता दिसतही नाही, त्या बोटांनी चाचपतात. आणि त्या किती खूश झाल्या असत्या ते मी एकदा पाहिलं होतं. एक डहाळी मी तोडलीसुद्धा. हातात धरून गेटपर्यंत गेलो. मग चौकीदारानं विचारलं, "क्या साहब, दातून?" आणि मी हो म्हणून दात घासायच्या काडीसारखी ती चघळत घरी गेलो. तोंड कडू झालं.

शेवटचं घर काकांचं उरलं होतं. मुलगा-सून नोकरीसाठी दुसऱ्या गावी, ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात तेही एकटेच. प्रत दिली तेव्हा "ठेव तिथं" एवढंच म्हणाले. मला काही आशा नव्हती. आठवड्याभरानं सकाळीच त्यांचा फोन.

"अरे, तिनं मले चिकट लिवलं!"

"काय काका?"

"चिकट! म्हणे पुस्तक द्यायच्या आधी मी पानं मोजून देत होतो. अन् वापस आल्यावर पुन्हा मोजत होतो. एकदा मोजले असन! तो बाइंडर चोर होता, म्हणून मोजले! अन् तिनं माह्या बायकोच्या तोंडी जे टाकलं ना, ते तिची बहीण बोलली होती, बायको नाही. तू ये. मले घेऊन चाल बूढ़ापाऱ्यात. मी तिले सांगतो."

"आत्ताच?"

"मग का मेल्यावर?"

स्कूटरवर मागं बसायला त्यांना वेळ लागला. प्रत त्यांनी पोटाशी धरली होती. सगळ्या रस्त्यानं माझ्या कानाशी बोलत होते, हे चुकलं, ते चुकलं, तलावाचं मात्र बरोबर लिवलं.

काकूंनी दार उघडलं. काका पायरीवरूनच, "चिकट कोणाले म्हणतं वो तू?" काकू दचकल्या, आवाज ओळखला, आणि दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी बसून ती मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं पानं सोडत गेल्या. एक डहाळी लागली, वाळलेली. मग बऱ्याच पानांनंतर दुसरी, मऊ. पुढं शेवटपर्यंत काही नाही. पुन्हा पहिल्यापासून चाचपून पाहिलं.

"दोनच?"

"दोनच, काकू."

"पहिली तुयी."

"हो."

त्यांनी दुसरी नाकाशी नेली. काका तोवर खुर्ची ओढून बसले होते. "ते राहू दे," ते म्हणाले, "आधी तो पानं मोजायचा किस्सा काढ. कुठून आणलं ते?"

"डोळ्यानं पाहिलं म्हणून लिवलं."

"काय पाहिलं? तू तं तवा शाळेत असे!"

"रविवार होता."

"रविवारी मी डुटीवर होतो!"

मला कोणी बस म्हटलं नाही. काकूंनी फक्त मान न वळवता सांगितलं, "चहा ठेव रे." मी आत गेलो, गॅस पेटवला, पाणी ठेवलं. साखर पूर्वी वरच्या फळीवर पितळी डब्यात असायची. तिथं आता औषधं होती. खालचे डबे उघडून पाहिले, एकात रवा, एकात तीळ. बाहेर दोघंही एकाच वेळी बोलत होते. विचारायला मी दारापर्यंत गेलो, आणि मध्ये बोलावंसं वाटलं नाही म्हणून परत येऊन उरलेले डबे उघडत राहिलो.